परसबागेला खत काय, किती आणि कधी? रानाचं माप दारात लावू नका

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणात घरामागच्या वाफ्यातली वांगी आणि मिरच्या पिवळ्या पडायला लागल्या. कांद्यासाठी आणलेल्या युरियाची अर्धी गोणी गोठ्यात पडून होती. मी प्रत्येक झाडाच्या बुडाला एक-एक मूठ युरिया टाकला आणि रानात निघून गेलो. चौथ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. पंधरा दिवसांत वीसपैकी तेरा झाडं वाळून गेली. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, रानाचं माप दारात लावलंस." त्या वर्षी दिवाळीपर्यंत वांगी-मिरची आठवडी बाजारातून विकत आणली.

नंतर मी कागदावर हिशेब मांडला तेव्हा आईच्या बोलण्याचा अर्थ कळला. १० फूट लांब, १० फूट रुंद वाफा म्हणजे १०० चौरस फूट. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एकरात असे साधारण ४३५ वाफे बसतात. एकराला युरियाची ४५ किलोची एक गोणी टाकायची ठरवली, तर एका वाफ्याच्या वाट्याला जेमतेम १०० ग्रॅम येतो. मी वीस झाडांना वीस मुठी टाकल्या होत्या. एक मूठ ५० ग्रॅमची धरली तरी एक किलो झाला. एकराच्या हिशेबात ते जवळपास दहा गोण्या होतात! रानात कुणी एकरी दहा गोण्या युरिया टाकेल का? पण दारात आपण सगळेच असं करतो, कारण दारात कुणी मोजत नाही.

आणि गंमत म्हणजे झाडं पिवळी पडली होती ती खत कमी पडलं म्हणून नव्हेच. मोरीचं पाणी वाफ्याच्या खालच्या अंगाला तुंबलं होतं, मुळांना हवा मिळत नव्हती.

परसबाग म्हणजे घरच्या ताटातली भाजी. उन्हाळ्यात बाजारात मिरची-कोथिंबिरीचे भाव चढतात तेव्हा दारातली चार झाडं घर चालवतात. पोरांच्या ताटात पालक, मेथी, शेवगा रोज पडतो तो या वाफ्यातून. म्हणून परसबागेच्या मातीची माहिती एका ठिकाणी देत आहे. सांगायचं मुख्य एकच आहे. झाडाला काय घालायचं हे ठरवण्याआधी मातीला काय कमी आहे ते बघा, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच घरातून रोज बाहेर फेकलं जातं हे ध्यानात घ्या.

आधी माती ओळखा

दाराची माती रानासारखी नसते. घर बांधताना तिथं मुरूम पडलेला असतो, सिमेंट-चुन्याचा राडारोडा गाडलेला असतो, धुण्याचं पाणी वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. आपल्या सोलापूर भागातल्या काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी जास्त, सेंद्रिय कर्ब कमी. त्यामुळं खालच्या तीन गोष्टी घरीच करून बघा.

• चुनखडी बघा: वाळलेलं ढेकूळ घ्या, त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर चुनखडी आहे. अशा मातीत लोह, जस्त आणि स्फुरद असूनही झाडाला मिळत नाही.

• निचरा बघा: एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा. ते मुरलं की परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात दिसत असेल तर आधी निचऱ्याचं काम करा. वाफा वीतभर उंच करा, बाजूनं चारी काढा. तुंबलेल्या मातीत कुठलंच खत लागू पडत नाही.

• जीव बघा: ओल असताना एक फूट चौरस, वीतभर खोल माती काढून पाटीत पसरा. गांडुळं दिसली तर माती जिवंत आहे. एकही नसेल तर तिला सेंद्रिय खत आणि आच्छादन हवं आहे.

याशिवाय एकदा तरी माती तपासून घ्या. केंद्र सरकारची मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली. त्या पत्रिकेत १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. आपण रानाचा नमुना देतो, दाराचा कधी देत नाही. परसबागेचा नमुना वेगळा द्या.

नमुना घ्यायची रीत साधी आहे. वरचा पालापाचोळा बाजूला करा. वाफ्यात पाच-सहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत तासून काढा. सगळी माती मिसळा, सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. खताची पोती ठेवलेली जागा, उकिरडा आणि झाडाचं आळं इथली माती घेऊ नका. खत टाकून दोन-तीन महिने झालेले नसतील तर थांबा. रासायनिक खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरू नका, नाहीतर तपासणी मातीची न होता गोणीची होते. नमुना कुठं द्यायचा ते गावचे सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), तालुका कृषी अधिकारी कार्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्रात कळेल.

कागद हातात आल्यावर एवढं बघा:

• सामू ६.५ ते ७.५ असेल तर उत्तम. ८ च्या वर गेला की लोह-जस्ताची अडचण सुरू होते.
• क्षारता १ च्या आत असावी. जास्त असेल तर पाणी आणि निचरा तपासा.
• सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांपर्यंत असेल तर कमी, ०.६० पर्यंत मध्यम, त्यापुढं चांगला.
• जस्त ०.६, लोह ४.५ आणि बोरॉन ०.५ पीपीएमपेक्षा कमी असेल तर कमतरता धरतात.

आमच्या परसबागेचा सामू ८.३ आला, कर्ब ०.३८ आणि जस्त कमी. मी टाकलेल्या युरियानं यातलं काहीच सुधारणार नव्हतं.

पान काय सांगतं

माती तपासेपर्यंत पान वाचता येतं. एक नियम लक्षात ठेवा. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं. म्हणून लक्षणं खालच्या जुन्या पानांवर आधी दिसतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांना झाडात असं हलता येत नाही. त्यांची लक्षणं शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसतात.

• खालची पानं सगळी फिकट पिवळी, वाढ खुंटलेली: नत्र कमी.
• पानं गडद, खालून जांभळट, झाड बुटकं: स्फुरद कमी. थंडीतही तात्पुरतं असं दिसतं.
• खालच्या पानांच्या कडा करपलेल्या: पालाश कमी, किंवा पाणी खारं.
• खालच्या पानाच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम कमी.
• शेंड्याची पानं पिवळी-पांढरी, शिरा मात्र हिरव्या: लोह कमी. आपल्याकडं लिंबू, जास्वंद, मोगरा आणि भुईमुगावर हे नेहमी दिसतं.
• शेंड्याची पानं बारीक, गुच्छासारखी: जस्त कमी.
• टोमॅटोचं बूड काळं पडून सडतं: फळाला कॅल्शियम पोहोचत नाही. बहुतेक वेळा कारण पाण्याचं असतं. चार दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं की असं होतं.

आणि प्रत्येक पिवळं पान उपाशी नसतं. भेंडीच्या पानावर पिवळ्या शिरांची जाळी दिसली तर तो केवडा रोग, पांढरी माशी तो पसरवते. मिरचीची पानं वर-खाली वळून आकसली तर तो बोकड्या, त्यात फुलकिडे, कोळी किंवा विषाणू असतो. या दोन्हीला कितीही खत घातलं तरी उपयोग नाही. केवड्याचं झाड उपटून जाळा, बाकीची वाचतील.

उकिरडा म्हणजे उघडी तिजोरी

आता खताकडं येऊ. एक मोठं जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण टाकतं. त्यात गव्हाणीतली उष्टावळ, भाजीची देठं, अंगणातला पाला. एवढं सगळं आपण उकिरड्यावर ढकलतो आणि वर्षभर उन्हात-पावसात सोडून देतो. उन्हानं त्यातला नत्र वायू होऊन उडतो. उकिरड्याजवळ नाकाला जो झोंबणारा वास येतो ना, तो तुमचा युरियाच उडून चालला आहे असं समजा. उरलेलं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला जातं. मे महिन्यात आपण ट्रॉलीत भरतो ते बरंचसं माती आणि काडी असतं.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. परसबागेपुरता तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा झाडाच्या सावलीत घ्या. जागा उंचावर हवी, पावसाचं पाणी आत शिरता कामा नये. विहीर-बोअरपासून लांब ठेवा. पाणी तुंबणारी काळी जमीन असेल तर खड्ड्याऐवजी जमिनीच्या वर विटांचा जाळीदार हौद करा. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांनी दिलेली नाडेप पद्धत हीच. तिचा हौद १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असतो. घरासाठी त्याचा लहान भाऊ चालतो.

भरायची रीत अशी:

१. तळाला वीतभर जाड काड्या, तुरीच्या तुराट्या, पऱ्हाट्या. खालून हवा खेळते.
२. त्यावर वीतभर सुकं: पाचट, भुसकट, वाळला पाला.
३. त्यावर चार बोटं ओलं: शेण, भाजीची देठं, खरकटं, हिरवं तण (बी धरायच्या आधीचं).
४. वर शेणकाला शिंपडा आणि मूठ-दोन मूठ जुनं खत किंवा बांधाची माती टाका.
५. असेच थर देत वर या. शेवटी मातीनं किंवा शेणमातीनं लिंपा, वर गोणपाट टाका.

सुकं जास्त आणि ओलं कमी हे प्रमाण महत्त्वाचं. नुसतं ओलं टाकलं तर घाण वास आणि अळ्या. नुसतं सुकं टाकलं तर सहा महिने काही होत नाही. ओल किती असावी? मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. महिन्यानं एकदा वर-खाली करा. उन्हाळ्यात पाणी शिंपडत राहा. साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं. तयार खत काळपट, भुसभुशीत, हाताला गरम न लागणारं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारं असतं.

खड्ड्यात प्लॅस्टिक, काच, औषधाच्या बाटल्या, बॅटरीचे सेल, तळणाचं तेल, मांस-मासळी आणि रोगट झाडं टाकू नका. ज्या रानात नुकतंच तणनाशक मारलं आहे तिथलं तण किंवा काडही टाकू नका.

कच्चं शेण वाफ्यात घालायची घाई करू नका. कुजताना ते मुळांना गरम पडतं, वाळवी आणि हुमणीला बोलावतं, आणि तणाचं बी जिवंत ठेवतं.

किती घालायचं? भाजीपाल्याला हेक्टरी २० टन शेणखत धरलं तर १० बाय १० फुटांच्या वाफ्याला १८-१९ किलो होतं. म्हणजे साधारण दोन घमेली. लावणीच्या पंधरा दिवस आधी वाफ्यात मिसळा. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असतो. त्या हिशेबानं २० किलोत १०० ग्रॅम नत्र, म्हणजे दोनशे ग्रॅमहून जास्त युरियाएवढा. फरक एवढाच की तो एकदम न मिळता हळूहळू, पुढच्या हंगामापर्यंत मिळत राहतो. शिवाय शेणखतानं माती भुसभुशीत होते, पाणी धरते. युरिया ते करत नाही.

गांडूळ खत करायचं असेल तर अर्धवट कुजलेलं शेण आणि पाला वापरा. ताज्या शेणाच्या उष्णतेनं गांडुळं मरतात. वाफा तीन फूट रुंद, वर सावली, ओल कायम. यासाठी आयसेनिया फेटिडा जातीची तांबडी गांडुळं आणतात, रानातली खोल राहणारी गांडुळं चालत नाहीत. मुंग्या, कोंबड्या आणि उंदरांपासून जपा. ४५ ते ६० दिवसांत वरचा थर चहापत्तीसारखा रवाळ होतो. शेणखतापेक्षा यात अन्नद्रव्यं जास्त, म्हणून वाफ्याला पाच ते दहा किलो पुरे.

जीवामृत आणि गोमूत्र

अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी जीवामृत घरोघरी पोहोचवलं. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. एकराचं माप २०० लिटर पाण्याचं आहे: १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो गूळ, तेवढंच बेसन आणि मूठभर बांधाची माती. पण परसबागेला २०० लिटरचं पिंप कशाला? वरच्याच हिशेबानं एका वाफ्याला अर्धा लिटर येतं. म्हणून घरचं माप असं घ्या:

• पाणी ५ लिटर
• ताजं शेण पाव किलो
• गोमूत्र पाव लिटर
• गूळ ५० ग्रॅम
• बेसन ५० ग्रॅम
• बांधावरची किंवा वडा-पिंपळाखालची चिमूटभर माती

प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, गोणपाट झाका, सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा ढवळा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत, थंडीत आठवडाभरात तयार होतं. झालं की आठ दिवसांत संपवा. अर्धा लिटर जीवामृतात पाच लिटर पाणी घालून ओल्या मातीवर द्या. पंधरा दिवसांनी परत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जीवामृतात अन्नद्रव्यं थोडीच असतात. त्याचं काम जिवाणूंचं आहे. मातीत पाला-शेणखत नसेल तर त्या जिवाणूंना खायलाच काही नाही. नुसत्या जीवामृतावर बाग धरू नका.

गोमूत्र द्यायचं तर एकाला दहा पट पाणी, तेही मातीवर. नुसतं गोमूत्र पानावर पडलं तर पान जळतं.

कोथिंबीर, पालक, मुळा, काकडी अशा कच्च्या खाण्याच्या किंवा मातीला टेकणाऱ्या भाजीवर शेणाचं कुठलंही पाणी शिंपडू नका. त्यातून पोटाचे आजार घरात येतात. अशा भाजीला पूर्ण कुजलेलं खत लावणीआधीच द्या आणि भाजी खाताना स्वच्छ धुवा.

राख, टरफलं, चहा: काय खरं, काय खोटं

मोबाइलवर रोज नवा उपाय येतो. आपल्या मातीला त्यातलं काय लागू पडतं ते बघू.

राख: चुलीच्या राखेत पालाश आहे, पण चुनाही भरपूर आहे. आंबट मातीला ती चांगली. कोकणातल्या जांभ्या मातीत उपयोगी पडेल. आपल्या चुनखडीच्या मातीत वाफ्यावर ओतत राहिलात तर सामू आणखी वाढतो. म्हणून राख थोडी-थोडी, पातळ थरानं खड्ड्यात टाका. युरिया किंवा ताज्या शेणात राख मिसळू नका, नत्र उडून जातो.

अंड्याची टरफलं: हा चुनाच. आपल्या मातीत चुना आधीच जास्त आहे आणि अशा मातीत टरफलं विरघळतही नाहीत. खड्ड्यात गेली तर हरकत नाही, पण त्यातून टोमॅटो सुधारेल ही आशा नको.

चहाचा चोथा: साखर-दूध धुऊन, वाळवून खड्ड्यात टाका. न धुता कुंडीत टाकला की मुंग्या आणि बुरशी.

केळीची साल: पालाश असतो. पण साल पाण्यात भिजवून ते पाणी देण्यापेक्षा तुकडे करून खड्ड्यात टाकणं बरं.

मोरीचं पाणी: भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल द्या. पण कपड्याच्या पावडरीचं आणि साबणाचं पाणी वाफ्यात सोडू नका. त्यात सोडियम असतो, त्यानं काळी माती घट्ट आणि चोपण होते. ते पाणी शोषखड्ड्यात सोडा.

पेंड: निंबोळी पेंडीत साधारण पाच टक्के नत्र असतो, शिवाय सूत्रकृमींना आळा बसतो. वाफ्याला एक-दोन किलो, लावणीआधी मातीत मिसळून द्या. शेंगदाण्याची पेंड जनावराला घाला, तिचा नत्र शेणातून परत येतो.

रासायनिक खत वापरायचं तर

मी रानात रासायनिक खत वापरतो, त्यामुळं ते विषच आहे असं म्हणणार नाही. पण दारात तराजू घेऊन वापरा. तराजू नसेल तर चहाचा सपाट चमचा घ्या, त्यात चार-पाच ग्रॅम बसतं.

• युरिया: १० बाय १० च्या वाफ्याला अख्ख्या पिकाला १०० ग्रॅम, तोही महिन्याच्या अंतरानं तीन हप्त्यांत. वीस झाडं असतील तर एका झाडाला सगळा मिळून एक चमचा. बुडापासून वीतभर लांब, मातीत मिसळून, लगेच पाणी.
• सुपर फॉस्फेट: वाफ्याला ११५ ग्रॅम म्हणजे एकरी ५० किलोची एक गोणी. चुनखडीत स्फुरद अडकून बसतो, म्हणून शेणखतात मिसळून द्या.
• जस्त: जस्त सल्फेट ५ ग्रॅम आणि विरवलेला चुना अडीच ग्रॅम एक लिटर पाण्यात, गाळून फवारणी. डीएपीबरोबर एकत्र करू नका, दोन्ही वाया जातात.
• लोह: हिराकस ५ ग्रॅम आणि लिंबूसत्व एक ग्रॅम एक लिटर पाण्यात, संध्याकाळी फवारणी. दहा-बारा दिवसांनी परत. आधी एका फांदीवर मारून बघा.
• १९:१९:१९: लिटरला पाच ग्रॅम, फवारणीतून.
• कुंडीत कोरडा युरिया टाकूच नका. मातीच थोडी, मुळं जळायला वेळ लागत नाही. कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी कंपोस्ट किंवा गांडूळ खत पुरे.

युरियाची फोडलेली गोणी आणि युरिया कालवलेली बादली गोठ्यात उघडी ठेवू नका. जनावरानं चाटलं तर विषबाधा होते, तासाभरात जनावर हातचं जातं. माझी गोणी गोठ्यातच पडली होती, त्या वर्षी मोठं संकट टळलं एवढंच.

माती झाका, पीक फिरवा

उघडी माती उन्हात तापते, ओल उडते आणि कर्ब जळतो. दोन-तीन बोटं जाड पाचट, भुसकट किंवा वाळलेला पाला झाडांच्या मध्ये पसरा. खोडाला चिकटवू नका. पाणी वाचतं, तण दबतं आणि तोच पाला पुढं खत होतो. म्हणून कडुलिंबाचा पाला जाळू नका. अंगण झाडून रोज सकाळी पेटवलेला ढीग म्हणजे मातीच्या तोंडचा घास.

कुंपणाला गिरिपुष्प लावा. त्याच्या पाल्यात नत्र चांगला असतो आणि तो लवकर कुजतो. वर्षातून दोन-तीनदा छाटून वाफ्यावर पसरा.

एकाच वाफ्यात वर्षानुवर्षं वांगी-मिरची-टोमॅटो नको. हे तिघं एकाच कुळातले, रोगही तेच. चार वाफे करा. एकात पालेभाजी, एकात गवार-चवळी-घेवडा, एकात वांगी-मिरची, एकात मुळा-गाजर-कांदा. दर हंगामाला जागा बदला. गवार-चवळीच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठतो. पीक संपलं की झाड उपटू नका, जमिनीलगत कापा आणि मुळं मातीत राहू द्या.

वर्षाचं वेळापत्रक

• एप्रिल-मे: खड्डा रिकामा करा, तयार खत चाळून सावलीत झाकून ठेवा. माती तपासायला द्या. वाफे खणून तापू द्या.
• जून: पहिल्या पावसानंतर वाफ्याला दोन घमेली खत. चाऱ्या काढा. खड्डा पुन्हा भरायला घ्या.
• जुलै-ऑगस्ट: पाणी तुंबू देऊ नका. पिवळं दिसलं तर आधी निचरा, मग खत.
• सप्टेंबर-ऑक्टोबर: दुसरा हंगाम. वाफ्याला एक घमेलं खत, पिकाची जागा बदला.
• नोव्हेंबर-जानेवारी: पालेभाज्यांचा काळ. पंधरा दिवसांनी जीवामृत, हरभरा-मेथी अधूनमधून.
• फेब्रुवारी-मार्च: आच्छादन जाड करा. पाणी कमी पण नेमानं. बोअरचं पाणी खारं असेल तर तेही तपासून घ्या.

गेल्या दोन वर्षांत आमच्या परसबागेला युरियाचा दाणा लागलेला नाही. मोरीच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा काढला, सावलीत तीन फुटी खड्डा भरला, जस्ताची एक फवारणी केली. पहिल्या वर्षी फार फरक दिसला नाही हे खरं. माती एका हंगामात सुधारत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र वीतभर खणलं तर गांडुळं दिसली, आणि वांगी संक्रांतीपर्यंत चालली. भोगीच्या भाजीला वांगं घरचं होतं.

आता खत घालायचं काम आईकडेच आहे. तिचं माप ठरलेलं आहे. वाफ्याला दोन घमेली, आणि मला गोणीला हात लावायची परवानगी नाही.